शेऱ्यांच्या रकान्यातली ओळ: चेनी विरुद्ध प्लेनफिल्ड प्रकरण

ड्यूटीवर आल्या आल्या हातात पडणारा कागद रुग्णसेवेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. कुठल्या खाटेवर कोण, कुणाची दर दोन तासांनी कूस बदलायची, कुणाला पातळ आहार, कुणाचा उठताना तोल जातो. कडेला किरकोळ शेऱ्यांचा एक रकाना असतो. ऐकायला कमी येतं, चष्मा उशीखाली ठेवतात, असल्या गोष्टी तिथे लिहितात.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात इंडियानापोलिस शहराला लागून प्लेनफिल्ड नावाचं गाव आहे. तिथल्या ‘प्लेनफिल्ड हेल्थकेअर सेंटर’ या वृद्धांच्या शुश्रूषागृहात २००६ साली असाच कागद रोज वाटला जायचा. त्यात एका वृद्धेच्या नावासमोर, याच किरकोळ शेऱ्यांच्या रकान्यात, एक ओळ होती: या बाईंना काळे सीएनए नकोत, अशी त्यांची पसंती आहे.

कागद हातात घेणाऱ्यांमध्ये ब्रेंडा चेनी होत्या. त्या कृष्णवर्णीय, आणि त्यांचा हुद्दा सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट.

हा हुद्दा आपल्याकडच्या कुठल्याच पदाशी नेमका जुळत नाही. तो स्टाफ नर्सच्या खालचा आणि आपल्या वॉर्डातल्या मावशींच्या थोडा वरचा आहे. अमेरिकेच्या १९८७ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय शुश्रूषागृहात सीएनए म्हणून राहता येत नाही. अंघोळ घालणं, भरवणं, संडासला नेणं, कपडे बदलणं, खाटेवरून चाकाच्या खुर्चीत घेणं ही त्यांची कामं. डॉक्टर येऊन जातो, नर्स औषधं देते, पण म्हाताऱ्या माणसाचा दिवस जातो तो सीएनएच्या हातात. अंगाला हात लावल्याशिवाय यातलं एकही काम होत नाही, त्यामुळे कुणाचा हात चालेल आणि कुणाचा नाही हा प्रश्न याच पातळीवर सगळ्यात उघडा पडतो.

चेनींनी ती सूचना पाळली. नोकरी जाईल ही भीती होती. त्या बाईंच्या खोलीतला मदतीसाठी बोलावण्याचा दिवा लागला आणि चेनी सगळ्यात जवळ असल्या, तरी जायचं नाही. एकदा त्या बाई जमिनीवर पडलेल्या चेनींना दिसल्या. अंगात उभं राहण्याइतकीही ताकद नव्हती. चेनींना मदत करायची होती, पण कागदावर मनाई होती. म्हणून त्या इमारतभर गोरा सीएनए शोधत फिरल्या.

इथे थांबायला हवं, कारण निकालपत्रात हा प्रसंग दोन-तीन वाक्यांत उरकलेला आहे आणि आपल्या कामाच्या दृष्टीने सगळं प्रकरण त्यातच आहे. वृद्ध माणूस पडला की काय करायचं हे पहिल्या वर्षाच्या मुलींनाही पाठ असतं. पेशंटला एकटं सोडायचं नाही. घाईने उचलायचं नाही. खुब्याचं हाड मोडलंय का, डोक्याला मार लागलाय का, बोलतोय का, हे बघायचं आणि जागेवरून मदत मागवायची. चेनींना मिळालेली सूचना यातल्या पहिल्याच नियमाच्या उलट होती. प्रशिक्षण म्हणतं थांब, कागद म्हणतो हात लावू नकोस. पुढच्या सगळ्या कज्ज्यात वाद झाला तो चेनींच्या हक्कांचा, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या दिवशी जमिनीवर पडून राहिली ती गोरी बाईच. तिची पसंती जपण्याच्या नावाखाली तिचीच सेवा लांबली, हे व्यवस्थापनातल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नसेल?

व्यवस्थापनाची बाजू मात्र नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. अमेरिकेतली शुश्रूषागृहं एके काळी फार बदनाम होती. म्हाताऱ्यांना खाटेला बांधून ठेवणं, गुंगीची औषधं देऊन गप्प करणं, घाणीत पडू देणं, असे प्रकार उघड झाल्यावर १९८६ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’चा अहवाल आला आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. सीएनएच्या प्रशिक्षणाची अट घातली ती याच कायद्याने, आणि रहिवाशांच्या हक्कांची यादीही त्यानेच दिली. खासगीपणा, स्वतःच्या शरीरावर स्वतःचा अधिकार, स्वतःचा डॉक्टर निवडण्याची मुभा. प्लेनफिल्डचं म्हणणं असं की, रहिवाशाची पसंती डावलली तर केंद्राचे आणि राज्याचे हे नियम मोडल्यासारखं होईल. शिवाय हे इस्पितळ नव्हे, त्या बाईंचं राहतं घर आहे. स्वतःच्या घरात, नागव्या अंगाला कुणी हात लावावा, हे त्यांनी नाही ठरवायचं तर कुणी?

खालच्या न्यायालयाला हे पटलं. व्यवस्थापनाने सद्हेतूने आणि वाजवी समजुतीने हे केलं, असं धरून चेनींचा दावा ज्यूरीपुढे न जाताच निकाली निघाला.

अपील शिकागोच्या सातव्या सर्किट न्यायालयात, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयात गेलं. समान रोजगार संधी आयोगाने, म्हणजे नोकरीतला भेदभाव रोखणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने, चेनींच्या बाजूने म्हणणं मांडलं. २० जुलै २०१० ला निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती ॲन क्लेअर विल्यम्स यांनी. १९९९ मध्ये नेमणूक झालेल्या विल्यम्स या सर्किटवरच्या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायाधीश. निकाल मात्र भावनेच्या भरात लिहिलेला नाही, कायद्याचे टाके एकेक करून उसवलेले आहेत.

मुख्य टाका असा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण नोकरीत वंशावरून भेदभाव करायला बंदी घालतं. लिंग, धर्म किंवा मूळ देश याबाबतीत त्याच कायद्यात एक अरुंद खिडकी ठेवली आहे: कामाचं स्वरूपच तसं असेल तर विशिष्ट माणूस निवडता येतो. वंशासाठी ती खिडकीच नाही. प्लेनफिल्डने आधार घेतला तो लिंगाबाबतच्या निकालांचा. एखाद्या वृद्धेला पुरुषाने अंघोळ घातलेली नको असेल तर न्यायालयं ते मान्य करतात, मग हे का नाही? न्यायालयाचं उत्तर असं की, परक्या पुरुषासमोर उघडं होण्याचा संकोच हा खासगीपणाचा भाग समाजात सर्वमान्य आहे. दुसऱ्या वंशाच्या माणसाकडून सेवा घेण्याला तसा संकोच म्हणणं म्हणजे कायद्याने ज्याला दार बंद केलं त्यालाच मागच्या दाराने आत घेणं.

गिऱ्हाइकाची आवड हा बचाव नवा नाही. पॅन अमेरिकन विमान कंपनीने प्रवाशांना हवाई सुंदरीच आवडतात म्हणून पुरुषांना त्या कामावर घ्यायचं नाकारलं होतं. १९७१ मध्ये तो बचाव फेटाळला गेला. धंद्याचा गाभा सुरक्षित प्रवास आहे, प्रवाशांची नजर सुखावणं नव्हे, असा त्या निकालाचा रोख. १९६४ चा कायदा मुळात अशा आवडींवर उतारा म्हणूनच आला होता. गोऱ्या गिऱ्हाइकांना चालत नाही, हेच तर तेव्हाच्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या प्रत्येक हॉटेलवाल्याचं कारण असायचं.

रहिवाशांच्या हक्कांचा मुद्दाही न्यायालयाने झटकून टाकला नाही. एखाद्या रहिवाशाने स्वतःच्या पैशाने गोरी मदतनीस ठेवली, तर इंडियानाच्या नियमांप्रमाणे तिला आत येऊ द्यावं लागेल कदाचित. पण शुश्रूषागृहाने पगारावर ठेवलेल्या माणसांची कामं वंशावरून वाटा, असं कुठलाही नियम म्हणत नाही. घर त्या बाईंचं आहे हे खरं, पण चेनींसाठी तीच जागा कामाचं ठिकाण आहे, आणि कामाच्या ठिकाणाचे कायदे दारातच गळून पडत नाहीत.

मला या निकालात सर्वांत मोलाचा वाटतो तो सहकाऱ्यांबद्दलचा भाग. चेनींना कामावर वंशवाचक शिव्या ऐकाव्या लागल्या. या काळ्यांना कशाला घेतात, टिकत तर नाहीतच, असं एका सहकाऱ्याने त्यांच्याकडे बघत म्हटलं होतं, अर्थात याहून घाण शब्दांत. चेनींनी वरिष्ठांकडे तक्रार केली आणि शिव्या थांबल्या. खालच्या न्यायालयाने इथेच समाधान मानलं: तक्रार आली, दखल घेतली, संपलं. पण शिव्यांच्या जागी दुसरं काहीतरी आलं. सहकारी आठवण करून द्यायचे की अमक्या खोलीत तू जायचं नाहीस हं, तुला चालत नाही तिथे. आवाज चढलेला नाही, शब्द वाईट नाही. तक्रार करायला जावं तर काय सांगणार? ते तर कागदावरचंच वाचून दाखवत होते.

म्हणूनच न्यायालयाने व्यवस्थापनाला थेट जबाबदार धरलं. काम वाटण्याचा तो कागद रोज, न चुकता, चेनींना आणि बाकी सगळ्यांना सांगत होता की काही ठिकाणी ही बाई कमी प्रतीची आहे. गोऱ्या सीएनएला सगळ्या खोल्या मोकळ्या, चेनींना काही बंद. असं वातावरण संस्थेने स्वतः तयार करायचं आणि मग सहकाऱ्याच्या तोंडातल्या एका शब्दाबद्दल त्याला समज द्यायची, याला उपाययोजना म्हणत नाहीत. एका म्हातारीच्या मनातली अढी तिच्यापुरती होती. ती छापील झाली तेव्हा ती संस्थेची झाली, आणि संस्थेची झाल्यावर प्रत्येकाला तिचा हवाला देता येऊ लागला.

कामावर लागल्यापासून तीनेक महिन्यांतच चेनींना काढून टाकलं. कारण दिलं ते रहिवाशासमोर अपशब्द वापरल्याचं. ती कारणमीमांसा न्यायालयाला इतकी डळमळीत वाटली की बडतर्फीचा मुद्दाही ज्यूरीपुढे जायला हवा असं ठरवून प्रकरण परत पाठवलं.

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकन शुश्रूषेच्या इतिहासात कुणी कुणाला हात लावायचा हे एके काळी कायद्यानेच ठरवलेलं होतं. १९१५ च्या अलाबामा राज्याच्या एका कायद्यानुसार, ज्या वॉर्डात कृष्णवर्णीय पुरुष असतील तिथे गोऱ्या नर्सला काम करायला भाग पाडता येत नसे. १९४१ मध्ये अमेरिकन लष्कराने कृष्णवर्णीय नर्ससाठी ५६ जागांची मर्यादा घातली, आणि पुढे त्यातल्या अनेकींना जर्मन युद्धकैद्यांच्या छावण्यांवर धाडलं. शत्रूची सेवा त्यांच्याकडे, आपल्या जखमी सैनिकांची मात्र शक्यतो नाही. आणि याच समाजात गोऱ्या घरांमधली मुलं पिढ्यान् पिढ्या कृष्णवर्णीय दायांनी न्हाऊमाखू घातली, तेव्हा त्या हातांचा विटाळ झाला नाही. मोलकरीण म्हणून जो हात चालतो, तोच प्रशिक्षण घेऊन, प्रमाणपत्र लावून आला की खुपतो.

म्हणून मला चेनींचं प्रकरण आणि नोंदणीकृत कृष्णवर्णीय नर्सना येणारा रोजचा अनुभव वेगळे वाटत नाहीत. गळ्यात ओळखपत्र, त्याखाली ठळक ‘आरएन’ (रजिस्टर्ड नर्स) लिहिलेली पट्टी, हातात औषधांची ट्रे, आणि पेशंट विचारतो, “नर्स कधी येणार?” किंवा जेवणाचं ताट पुढे करतो, हे घेऊन जा म्हणून. कातडी आधी वाचली जाते, पट्टी नंतर, किंवा कधीच नाही. आपल्याकडे पांढरा कोट घातलेल्या डॉक्टरीण बाईंना ‘सिस्टर’ आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या पुरुष नर्सला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणणारे नातेवाईक रोज भेटतात, त्यामुळे ही गोष्ट समजावून सांगायची गरज पडू नये. आणि घरी म्हाताऱ्या आईसाठी बाई ठेवताना ब्युरोला फोन करून “कोणत्या समाजाची आहे?” असं हळूच विचारणारेही आपल्यातलेच. ब्युरोवाला त्याच्या वहीत ते टिपून ठेवतो. ती वही आणि प्लेनफिल्डचा तो कागद यांत मला तरी फरक दिसत नाही.

२०१० च्या निकालाने हे थांबलं का? निकालानंतर सव्वादोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, शेजारच्या मिशिगन राज्यात फ्लिंट शहरातल्या हर्ली मेडिकल सेंटरमध्ये नवजात अतिदक्षता विभागात एक बाप आला. तिथल्या कृष्णवर्णीय नर्सने नेहमीप्रमाणे त्याचा ओळखपट्टा बघायला मागितला. त्याने वरिष्ठांना बोलवायला सांगितलं, बाही सरकवून स्वस्तिकासारखं, नाझींचं वाटणारं गोंदण दाखवलं आणि आपल्या बाळाला कृष्णवर्णीय नर्स नको म्हणून सांगितलं. ही नर्स त्या इस्पितळात १९८८ पासून काम करत होती. तिला बाळावरून हटवलं गेलं, आणि कृष्णवर्णीय नर्सने या बाळाची सेवा करू नये अशा अर्थाची चिठ्ठी लागली. पुन्हा कागद! चिठ्ठी पुढे काढली, नर्स कोर्टात गेली, बातमी देशभर झाली आणि २०१३ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. इस्पितळाच्या प्रमुखांनी कारण दिलं ते कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचं. ते अगदीच खोटं नसेलही. तसं गोंदण मिरवणाऱ्या माणसासमोर आपल्या नर्सला एकटं उभं करायला कुठलीही इनचार्ज कचरेल. पण सुरक्षा हवी तर सुरक्षारक्षक बोलवायचा की नर्स हलवायची?

सातव्या सर्किटने काही पर्याय सुचवले होते. दाखल करून घेतानाच आमच्याकडे भेदभाव चालत नाही हे सांगून रहिवाशाची लेखी संमती घ्यावी. नंतर कुणी तसं वागलं तर बोलून बघावं. खटके उडणार असतील तर कामाची वाटणी वंश सोडून इतर निकषांवर करावी. आणि कर्मचाऱ्याला सांगून ठेवावं की त्रास होत असेल तर तुम्ही संरक्षण मागू शकता. यातला शेवटचा पर्याय मला खरा कामाचा वाटतो, कारण तिथे निर्णय हलवल्या जाणाऱ्या माणसाच्या हातात येतो. नर्स स्वतः म्हणाली की मला आज त्या खोलीत नको, तर ती विनंती. तिच्या पाठीमागे ठरलं तर तो हुकूम. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, ड्यूटीच्या कागदावर नाव बदललेलं. लेखी संमतीवर माझा फारसा विश्वास नाही, दाखल होताना सह्यांच्या गठ्ठ्यात काय काय असतं ते आपण जाणतो.

आणि सगळेच पेशंट प्लेनफिल्डच्या बाईंसारखे ठाम नसतात. स्मृतिभ्रंश झालेला माणूस पन्नास वर्षांपूर्वीच्या जगात वावरत असतो, तिथून शिव्या देतो. संसर्गाने भ्रम झालेला पेशंट तापाबरोबर बदलतो. अशांना नियम वाचून दाखवण्यात अर्थ नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१६ साली वंशभेदी पेशंटला कसं हाताळावं यावर एक लेख आला, त्यातही पहिल्या दोन प्रश्नांत हेच होतं: प्रकृती किती गंभीर आहे, आणि माणूस शुद्धीत, विचार करून बोलतोय का. अमेरिकेत तातडीच्या विभागात आलेल्या पेशंटला तपासून स्थिर करणं १९८६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, तो कितीही वाईट बोलो. ठाम, शुद्धीतला, स्थिर पेशंट मात्र निराळा. त्याला इनचार्जने स्वतः जाऊन सांगायचं असतं: या आज तुमच्या नर्स आहेत, आमच्याकडे सेवा यांच्याच हातून मिळेल. हे वाक्य त्या नर्सला स्वतःला म्हणावं लागलं तर वॉर्डाची शिस्त कुठेतरी सुटलेली आहे.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण आपल्या मुली आता मोठ्या संख्येने बाहेर चालल्या आहेत. आखातात आधीपासून आहेत, ब्रिटनला जाताहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तयारी होते ती भाषेची, परीक्षेची, थंडीच्या कपड्यांची. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून वंशवाचक शिवीगाळ करणाऱ्या पेशंटला तातडीची नसलेली सेवा नाकारण्याची मुभा सरकारी रुग्णालयांना मिळाली, हे किती जणींना कुणी सांगितलं असेल? एजन्सीच्या मुलाखतीत शेवटी विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का. मुली बहुधा राहण्याच्या सोयीचं विचारतात. त्याच वेळी एवढंही विचारून घ्यावं: पेशंटने मला नाकारलं तर तुमची इनचार्ज काय करते, आणि ते लेखी कुठे आहे? कागद मिळाला तर जाण्याआधीच नीट वाचता येतो. “असं आमच्याकडे होत नाही” एवढंच उत्तर आलं, तर त्या इस्पितळाने याचा विचार केलेला नाही असं धरून चालावं.